जपानमध्ये ७० वर्षं एकच पक्ष कसा काय टिकला?

उगवतीकर

नमस्कार मंडळी. ऑक्टोबर २०२५ मध्ये साने ताकाइची जपानच्या पंतप्रधान झाल्या. आपल्याकडच्या बातम्यांत सगळा भर 'पहिली महिला पंतप्रधान' यावर होता, ते योग्यच आहे, पण मला त्यांच्या पक्षाचं कुतूहल जास्त वाटतं. लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष, जपानी लोक त्याला जिमिंतो म्हणतात. १५ नोव्हेंबर १९५५ ला स्थापना, म्हणजे १५ नोव्हेंबर २०२५ ला ७० वर्षं पूर्ण. एवढ्या काळात सत्तेबाहेर फक्त दोनदा: १९९३-९४ ला जेमतेम ११ महिने आणि २००९ ते २०१२. बाकी सगळा काळ हेच. आणि हे एकपक्षीय राजवटीसारखं नाहीये, निवडणुका होतात, पेपरवाले मंत्र्यांना सोलून काढतात, कम्युनिस्ट पक्षसुद्धा उघडपणे निवडणूक लढवतो. मग तरी हेच का?

माझं मत सांगतो, मग तुम्ही सांगा. हा एक पक्ष कधी नव्हताच. आत पाच-सहा गट, प्रत्येक गटाचा वेगळा नेता, वेगळं ऑफिस, वेगळा पैसा. पंतप्रधान नकोसा झाला की दुसऱ्या गटाचा माणूस पुढे यायचा आणि लोकांना सरकार बदलल्याचं समाधान मिळायचं. १९७४ ला काकुएइ तानाका पैशांच्या प्रकरणात गेले तर पक्षाने लगेच ताकेओ मिकी आणले, जे स्वच्छ म्हणून ओळखले जायचे. विरोधी पक्ष घरातच ठेवला होता म्हणा ना.

मुरांबा

वाचनखूण साठवली. प्रतिसाद वाचायला बसलेय.

शंकेखोर

असहमत. गटांचं कौतुक जरा जास्त होतंय असं मला वाटतं. १९५५ ला हा पक्ष का जन्माला आला ते बघा. त्या ऑक्टोबरमध्ये समाजवाद्यांचे डावे-उजवे दोन तुकडे परत एकत्र आले, उद्योगपती घाबरले, आणि एकमेकांची तोंडं न बघणारे योशिदांचे लिबरल आणि हातोयामांचे डेमोक्रॅट महिन्याभरात एका मांडवात आणून बसवले. वर शीतयुद्ध. सीआयएने त्या काळात या पक्षाच्या लोकांना गुपचूप पैसा पुरवला हे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानेच २००६ साली छापलेल्या कागदपत्रांत मान्य केलंय.

आणि समोर कोण होतं? १९५८ नंतर समाजवाद्यांनी बहुमताला पुरतील इतके उमेदवारसुद्धा उभे केले नाहीत. जो पक्ष स्वतःच जिंकायला उतरत नाही त्याला लोकांनी मत देऊन करायचं काय?

आकडेमोड

शंकेखोर, उमेदवार कमी का उभे केले याचं उत्तर निवडणूक पद्धतीत आहे आणि गट का होते याचंही उत्तर तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९९३ पर्यंत जपानच्या खालच्या सभागृहात एका मतदारसंघातून साधारण ३ ते ५ जण निवडून जायचे पण मतदाराला मत मात्र एकच. शेवटी शेवटी ५११ जागा आणि १३० च्या आसपास मतदारसंघ. म्हणजे बहुमत हवं तर प्रत्येक ठिकाणी सरासरी दोन तरी निवडून आणायला हवेत. मग एकाच मतदारसंघात एकाच पक्षाचे दोन-तीन उमेदवार एकमेकांविरुद्ध उभे! पक्ष एक, जाहीरनामा एक, तर धोरणावर भांडता येत नाही. भांडायचं कशावर? तर पूल कोणी आणला, रस्ता कोणी आणला, कोणाच्या मुलाला नोकरी कोणी लावली. त्यासाठी पैसा आणि दिल्लीत, म्हणजे टोकियोत, वरदहस्त लागायचा. तो गटाचा नेता द्यायचा आणि बदल्यात अध्यक्षपदाच्या निवडणुकीत तुमचं मत त्याला.

समाजवाद्यांना बहुतेक ठिकाणी एक जागा हमखास मिळायची. दुसरा उभा केला तर मतं फुटून दोघेही पडायची भीती. म्हणून एकच उभा करा, निवडून या, कायम विरोधात बसा आणि घटनेचं ९ वं कलम (युद्धाला आणि सैन्य ठेवायला मनाई करणारं) बदलण्यापुरतं दोन तृतीयांश बहुमत यांना मिळू देऊ नका. घटना बदलणं हे या पक्षाच्या स्थापनेपासूनचं उद्दिष्ट आहे आणि १९४७ ला अमलात आलेल्या त्या घटनेत आजपर्यंत एक शब्द बदललेला नाही. त्या हिशोबाने समाजवादी हरले असं मी तरी म्हणणार नाही.

उगवतीकर

आकडेमोड, फार सुरेख समजावलंत. हेच मला म्हणायचं होतं पण इतकं नीट जमलं नसतं.

सदा नागाओकावाला

धागा बघितला आणि राहवलं नाही. मी कामानिमित्त नीगाता प्रांतात नागाओकाला राहिलोय, तानाकांचा मतदारसंघ तोच. हिवाळ्यात तिथे माणसाच्या डोक्यावर जाईल एवढा बर्फ. पूर्वी बर्फ पडला की गावं तुटायची, आजाऱ्याला पाठीवर किंवा घसरगाडीवर घालून न्यायचे, आणि कर्ते पुरुष हिवाळाभर टोकियोला मजुरीला. अशा ठिकाणी तानाका पहिल्या निवडणुकांत भाषण करायचे की मिकुनीची खिंडच उडवून देऊ, मग ढग पलीकडे जातील आणि इथे बर्फच पडणार नाही, आणि निघालेली माती समुद्रात टाकून सादो बेट जमिनीला जोडू! लोक हसायचे, पण त्यांना हेही कळायचं की हा बर्फाचं दुखणं ओळखणारा आपल्यातला माणूस आहे. कॉलेजचं तोंड न पाहिलेला, बांधकामाच्या धंद्यातून वर आलेला.

पुढे रस्ते आले, बोगदे आले, बर्फ वितळवणारे पाण्याचे पाइप रस्त्यात आले, १९८२ ला जोएत्सु शिंकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन आली. त्यांची एत्सुझानकाई नावाची समर्थक संघटना गावागावात होती. गावाने मागणी लिहून द्यायची, ती वर जायची, आणि कुठल्या गावाने किती मतं दिली तेही वर जायचं. १९८३ च्या ऑक्टोबरात लॉकहीड या अमेरिकन विमान कंपनीच्या प्रकरणात ५० कोटी येन लाच घेतल्याबद्दल कोर्टाने त्यांना चार वर्षांची शिक्षा सुनावली, आणि डिसेंबरात त्याच माणसाला लोकांनी २ लाख २० हजार मतं देऊन निवडून दिलं.

उरासा स्टेशनबाहेर त्यांचा मोठा ब्राँझचा पुतळा आहे, हात वर केलेला. पुतळ्यावर छप्पर घातलंय, बर्फ पडू नये म्हणून. स्टेशन एवढं मोठं आणि उतरणारे आम्ही चारच जण. माझ्यासोबतच्या जपानी सहकाऱ्याला विचारलं की तुम्हाला याची लाज वाटते का अभिमान? म्हणाला, माझ्या आजीला विचार, तिच्या वाडीत हिवाळ्यात डॉक्टर यायला लागला तो यांच्यामुळे.

वैदेही

सदाभाऊ, शेवटचं वाक्य वाचून गप्पच झाले.

कराडकर

सदाभाऊंचा प्रतिसाद वाचताना आमच्याकडचे साखर कारखाने, जिल्हा बँका आणि दूध संघ आठवल्याशिवाय राहत नाहीत. तिकडे हे काम नोक्योने केलं, म्हणजे शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांचं जाळं. खत त्यांच्याकडून, कर्ज त्यांच्याकडून, विमा त्यांच्याकडून, भात विकायचा त्यांच्याकडेच. आणि मत जिमिंतोला. सरकार भात चढ्या भावाने विकत घ्यायचं आणि ग्राहकाला स्वस्तात द्यायचं, तोटा तिजोरीवर. कोठारं भरून वाहायला लागल्यावर १९७० च्या सुमारास उलटं सुरू केलं, भात लावू नका म्हणून अनुदान! ते २०१८ पर्यंत चाललं.

त्यात खेड्यातल्या मताला वजन जास्त. लोक शहरात गेले पण जागांची फेररचना तशी झालीच नाही. १९७२ च्या निवडणुकीत कुठे कुठे खेड्यातलं एक मत शहरातल्या जवळजवळ पाच मतांइतकं होतं, १९७६ ला सुप्रीम कोर्टाने हे घटनाविरोधी आहे म्हणून सांगितलं पण निवडणूक रद्द केली नाही.

२०२५ मध्ये तांदळाचे भाव दुप्पट झाले आणि शेतीमंत्री म्हणाले की मला तांदूळ कधी विकत घ्यावाच लागला नाही, समर्थक भरपूर आणून देतात. मे महिन्यात गेलं मंत्रिपद. शेतकऱ्याच्या जिवावर वाढलेल्या पक्षाच्या शेतीमंत्र्याला बाजारभाव माहीत नसावा याचा मला खरोखर राग आला.

पेठेतला

तांदळावरून मंत्री घरी जातो हे वाचूनच त्या देशाबद्दल आदर वाढला.

निशिकासाईची जुई

कराडकर काका, तांदळाचं अगदी खरं. इथे सुपरमार्केटमध्ये 'एका कुटुंबाला एकच पिशवी' अशा पाट्या होत्या.

मी टोकियोत एदोगावा वॉर्डात राहते, नवरा जपानी आहे, मला मत नाही पण निवडणूक जवळून बघते. प्रचार खालच्या सभागृहासाठी फक्त १२ दिवस. घरोघर जाऊन मत मागायला कायद्याने बंदी! मग पांढरे हातमोजे घातलेल्या बायका गाडीतून हात हलवत भोंग्यावर उमेदवाराचं नाव घेत फिरतात, फक्त नाव, पुन्हा पुन्हा. कारण मतपत्रिकेवर शिक्का किंवा बटण नाही, उमेदवाराचं नाव पेन्सिलीने स्वतः लिहायचं असतं. कागदही वेगळा असतो, प्लॅस्टिकसारखा, घडी घालून पेटीत टाकला की आतल्या आत आपोआप उलगडतो, त्यामुळे मोजणी भराभर होते.

सांगायचा मुद्दा, नाव लिहायचं असल्यामुळे माहितीचं आडनाव असणं हा मोठा फायदा. आणि नेत्याची कोएन्काई म्हणजे समर्थक मंडळ त्याच्यामागे मुलाकडे जातं, दुकान जावं तसं. पंतप्रधान झालेले शिंझो आबे हे जुने पंतप्रधान किशींचे नातू, तारो आसो हे तसेच योशिदांचे नातू, फुकुदा बापलेक दोघेही पंतप्रधान. विरोधकही सुटले नाहीत, २००९ ला या पक्षाला हरवणारे युकिओ हातोयामा हे पक्षाचे पहिले अध्यक्ष इचिरो हातोयामा यांचे नातू.

अवांतर: आमच्याच एदोगावात २०१९ ला आपले मराठी योगेंद्र पुराणिक वॉर्डाच्या सभागृहावर निवडून आले होते, विरोधी पक्षाकडून. नाव लिहायला सोपं जावं म्हणून 'योगी' एवढंच सांगायचे!

पेठेतला

जुईताई, एकाच आडनावाचे दोन उमेदवार असले आणि कुणी नुसतं आडनाव लिहिलं तर?

निशिकासाईची जुई

तर ते मत दोघांत त्यांच्या बाकीच्या मतांच्या प्रमाणात वाटतात. म्हणून इथे निकालात कधी कधी अपूर्णांकात मतं दिसतात.

पेठेतला

कोल्हापुरात पाटलांचं काय होईल हा विचार करतोय.

मुरांबा

😂😂 निवडणूक आयोग सोडून गणिताचे मास्तर बोलवावे लागतील.

वैदेही

सगळ्यांचं वाचून एक गोष्ट खटकतेय. लोक जणू पुलाच्या बदल्यात गप्प बसले असं चित्र उभं राहतंय. १९६० आठवा. नोबुसुके किशी पंतप्रधान, युद्धानंतर 'अ' वर्गाचे युद्धगुन्हेगार म्हणून संशयावरून सुगामो तुरुंगात तीन वर्षं काढलेले, खटला न चालता सुटलेले. अमेरिकेबरोबरचा सुरक्षा करार त्यांनी रेटला, १९ मेच्या रात्री सभागृहात ठाण मांडून बसलेल्या समाजवादी खासदारांना पोलिसांकरवी उचलून बाहेर काढलं आणि मंजूर करून घेतला. त्यानंतर लाखो लोक रस्त्यावर. १५ जूनला संसदेच्या आवारात मिचिको कानबा ही टोकियो विद्यापीठाची विद्यार्थिनी मरण पावली, २२ वर्षांची. आयझेनहॉवरचा दौरा रद्द करावा लागला, किशींना जावं लागलं.

मला या पक्षाचं खरं कसब त्याच्या पुढच्या पावलात दिसतं. किशींच्या जागी हायातो इकेदा आले, त्यांनी घटनेचा विषय बासनात बांधला आणि सांगितलं की दहा वर्षांत तुमचं उत्पन्न दुप्पट करतो. ते सातेक वर्षांतच झालं! १९६४ ला शिंकान्सेन, ऑलिंपिक. म्हणजे लोकांनी रस्त्यावर येऊन पक्षाचा रस्ता बदलला. १९७० ला परत तेच. मिनामाता शहरात कारखान्याच्या पाऱ्याने माणसं वेडीवाकडी होऊन मरत होती आणि सरकार वर्षानुवर्षं कंपनीला पाठीशी घालत होतं, शहरांमधून डावे महापौर-गव्हर्नर निवडून यायला लागले तेव्हा एका अधिवेशनात प्रदूषणाचे १४ कायदे केले. टोकियोचे डावे गव्हर्नर मिनोबे यांनी म्हाताऱ्यांना मोफत औषधोपचार दिले, १९७३ ला तानाकांनी तेच देशभर केलं. समाजवाद्यांचा कार्यक्रम अर्धाअधिक यांनीच राबवला.

शंकेखोर

वैदेही, मान्य, पण ही लवचिकता किती उशिराची! मिनामाताचा आजार १९५६ ला अधिकृतपणे नोंदला गेला आणि कारखान्याच्या पाऱ्यामुळेच होतो हे सरकारने १९६८ ला मान्य केलं. या १२ वर्षांत जी मुलं जन्मली त्यांना लवचिकतेचा काय उपयोग? सत्ता जायची भीती असती तर १२ वर्षं लागली नसती असं माझं म्हणणं आहे.

वैदेही

याला माझ्याकडे उत्तर नाही. बरोबर आहे तुमचं.

पेठेतला

किशींवरून आठवलं, १९५७ ला ते भारतात आले होते, नेहरूंना भेटले आणि १९५८ ला जपानने इतिहासातलं पहिलं येन कर्ज दिलं ते भारताला. आणि नातवाने, म्हणजे आबेंनी, २०१७ ला अहमदाबादेत मुंबईच्या बुलेट ट्रेनची पायाभरणी केली, ०.१ टक्का व्याज, ५० वर्षं फेड.

मुरांबा

बुलेट ट्रेनचा विषय काढलात, आता पालघरच्या जमिनींवरून दोनशे प्रतिसाद येणार!

आकडेमोड

त्याला वेगळा धागा काढा प्लीज, इथे नको. अजून १९९३ आलंच नाहीये.

१९८८-८९ ला रिक्रूट कंपनीने नेत्यांना शेअर वाटल्याचं प्रकरण, त्यातच ३ टक्के उपभोग कर, पंतप्रधान ताकेशितांना पद सोडावं लागलं. १९९२ ला पक्षाचे सर्वात वजनदार नेते शिन कानेमारू यांनी एका कुरियर कंपनीकडून ५० कोटी येन घेतल्याचं निघालं, पुढच्या वर्षी करचुकवेगिरीत धाड पडली तर सोन्याच्या विटा सापडल्या. मग इचिरो ओझावा गट घेऊन बाहेर पडले. बघा, पक्ष विरोधकांनी हरवला नाही, आतून फुटला. १९९३ च्या निवडणुकीत २२३ जागा घेऊन मोठा पक्ष हेच होते, पण बाकी सगळ्यांनी एकत्र येऊन होसोकावांना पंतप्रधान केलं. त्या सरकारने १९९४ ला पद्धत बदलली, ३०० एकेरी मतदारसंघ आणि २०० जागा प्रमाणबद्ध, म्हणजे पक्षांना मतांच्या प्रमाणात. उद्देश हा की एकाच पक्षातली भाऊबंदकी संपावी आणि दोन पक्षांत आलटून पालटून सत्ता जावी.

उगवतीकर

आणि त्याच वर्षी जूनमध्ये या पक्षाने जे केलं त्याला तोड नाही. ज्या समाजवाद्यांशी ३९ वर्षं भांडले त्यांच्याच तोमिइची मुरायामांना पंतप्रधान करून स्वतः परत सत्तेत! मुरायामांनी सुरक्षा करार स्वीकारला, सैन्य घटनेत बसतं म्हणाले, आणि त्यांचा मतदार उठून गेला. १९९६ ला समाजवादी ७० वरून १५ जागांवर. वैयक्तिक मुरायामांबद्दल मला आदर आहे, १५ ऑगस्ट १९९५ चं युद्धाबद्दल माफी मागणारं निवेदन त्यांचंच. ऑक्टोबर २०२५ मध्ये १०१ व्या वर्षी गेले.

सदा नागाओकावाला

कोइझुमींबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? 'हा पक्षच मोडून टाकतो' म्हणत २००१ ला पक्षाचे अध्यक्ष झाले. ऑगस्ट २००५ ला पोस्टाच्या खाजगीकरणाचं बिल वरच्या सभागृहात स्वतःच्याच लोकांनी पाडलं तर यांनी खालचं सभागृह विसर्जित केलं, बंडखोरांची तिकिटं कापली, प्रत्येकासमोर नवा चेहरा उभा केला आणि ४८० पैकी २९६. गावोगावचे पोस्टमास्तर पक्षाची जुनी मतपेढी, तीच तोडली. आणि त्यांचे आजोबा एकेकाळी पोस्टखात्याचेच मंत्री होते! माझी घरमालकीण तेव्हा पोस्टासाठी रडलेली आणि मत मात्र कोइझुमींना दिलेलं, असं तिनेच सांगितलं.

निशिकासाईची जुई

मला २००९ बद्दल लिहायचंय कारण माझ्या सासरी त्या निवडणुकीचा विषय अजून निघतो. डेमोक्रॅटिक पक्षाला ३०८ आणि यांना ११९. सासऱ्यांनी जन्मात पहिल्यांदा दुसऱ्या पक्षाला मत दिलं होतं. तीन वर्षांत तीन पंतप्रधान झाले, ओकिनावाचा अमेरिकन तळ हलवायचं वचन हवेत विरलं, जाहीरनाम्यात नसलेला करवाढीचा कायदा केला, आणि मध्ये ११ मार्च २०११. त्सुनामी आणि फुकुशिमा कोणाच्याही हातात नव्हतं, अणुभट्ट्या तर जिमिंतोच्याच काळातल्या, पण लोकांच्या मनात ती तीन वर्षं आणि ती भीती एकत्र बसली. सासरे तेव्हापासून मतदानालाच जात नाहीत. आबेंनी पुढे लागोपाठ निवडणुका जिंकल्या त्यात असे घरी बसलेले लोक मोजा, मतदान ५० ते ६० टक्क्यांच्या मध्येच घुटमळत होतं. उगवतीकरांच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच, लोक यांना निवडतात असं नाही, दुसऱ्याला निवडून बघितलं त्याचा चटका अजून गेलेला नाही.

शंकेखोर

जुई, हा या धाग्यावरचा सर्वात पटलेला प्रतिसाद.

कराडकर

पण मग आताचं काय म्हणायचं? २०२२ ला नारामध्ये आबेंची हत्या झाली, त्यातून युनिफिकेशन चर्च या धर्मपंथाशी असलेले संबंध निघाले, पक्षाच्या ३७९ पैकी १७९ खासदारांचा काही ना काही संबंध होता. २०२३ ला गटांच्या निधी जमवायच्या पार्ट्यांच्या तिकीटविक्रीतला हिशोबाबाहेरचा पैसा निघाला. आसोंचा सोडून बाकी गटांनी गाशा गुंडाळला. ऑक्टोबर २०२४ ला १९१ जागा, जुलै २०२५ ला वरच्या सभागृहातही बहुमत गेलं. आणि १९९९ पासून सोबत असलेला मित्रपक्ष कोमेइतो ताकाइची अध्यक्ष झाल्या झाल्या बाहेर पडला. उगवतीकर, तुमचा सिद्धांत धरला तर घरातला विरोधी पक्षच संपला की.

उगवतीकर

काका, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. गट होते तेव्हा मिकी होते, इकेदा होते, म्हणजे वेगळ्या विचाराचा माणूस तयार असायचा. आता पंतप्रधान इशिबांनंतर ताकाइची हा वळणाचा बदल झाला खरा, पण कोमेइतोची जागा उजवीकडच्या इशिन पक्षाने घेतली, म्हणजे पक्षाला मध्याकडे ओढणारं सोबत कोणी उरलं नाही. मला हे काळजीचं वाटतं. आकडेमोड, कोमेइतोची मतं एकेरी मतदारसंघांत किती महत्त्वाची?

आकडेमोड

फार. सोका गाक्काई ही कोमेइतोमागची बौद्ध संघटना, तिचे लोक पाऊस असो बर्फ असो मतदानाला जातात. दर मतदारसंघात काही हजार मतं, आणि चुरशीच्या जागा तेवढ्यानेच पडतात-उठतात. जिमिंतोचे उमेदवार सभेत उघड सांगायचे, मला मत द्या आणि प्रमाणबद्धचं मत कोमेइतोला द्या. ती देवाणघेवाण थांबली तर शहरांजवळच्या जागांवर आधी परिणाम दिसेल असा माझा अंदाज.

सदा नागाओकावाला

खेड्यातही दिसतोय, फक्त बातम्यांत येत नाही. २०२४ ला नीगाता प्रांतातल्या पाचही एकेरी जागा विरोधी पक्षाने घेतल्या. पाचही! तानाकांच्या नागाओकासकट. त्या सहकाऱ्याला मेसेज केला तेव्हा, त्याचं उत्तर आलं की रस्ते झाले, बोगदे झाले, शिंकान्सेन झाली, आणि त्याच रस्त्याने पोरं टोकियोला गेली, आता शाळा बंद पडतायत आणि त्यावर कुणाकडे काही नाही. त्याने कोणाला मत दिलं ते मी विचारलं नाही.